बॉबिन केस वहिनीकडे: डिसॅबिलिटीच्या चेकपासून शिवणकामाच्या धंद्यापर्यंतचं एक प्रकरण

२०२२ ची दिवाळी नुकतीच झाली होती. एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून माझ्याकडे आल्या. मी न्यू जर्सीत लहान धंदेवाल्यांचे हिशेब ठेवते आणि त्यांचे टॅक्स भरून देते, त्यामुळे अशा पिशव्या मला नव्या नाहीत. या पिशवीत अस्तराच्या कापडाच्या पावत्या होत्या, दोऱ्याच्या रिळांची बिलं होती आणि वहीची फाडलेली पानं होती. पानांवर मापं आणि पैसे एकाच ओळीत लिहिलेले: 'छाती ३६, बाही ९, ४५ डॉलर, दिले.' खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "हे दाखवलं तर माझा चेक बंद होईल का हो?"

इथे मी त्यांना ताई म्हणते. हे लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील आणि धंद्याचे आकडे थोडे बदललेत. नियमांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

आधीचं

ताई लग्न करून अमेरिकेत आल्या. ग्रीन कार्ड हाती आल्यावर दहा वर्षं त्यांनी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केली. २०१५ मध्ये त्या दुसऱ्यांदा हॉस्पिटलात गेल्या आणि आजाराला नाव मिळालं, बायपोलर, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत. त्या आधी चार रात्री न झोपता त्यांनी घराच्या सगळ्या खोल्या रंगवल्या होत्या, आणि त्या नंतर सहा महिने अंथरुणातून उठल्या नव्हत्या. नोकरी गेली. पुढे संसारही मोडला. आता त्या भावाच्या घरी, बेसमेंटच्या दोन खोल्यांत राहतात. वर दादा आणि वहिनी.

२०१६ पासून त्यांना सोशल सिक्युरिटीचे अपंगत्वाचे पैसे मिळू लागले, महिन्याला १,४८६ डॉलर. हा एसएसडीआय. नोकरी करताना पगारातून जो कर कापला गेला त्यावर उभा राहिलेला हक्क. याच्या शेजारी एसएसआय नावाची दुसरी योजना आहे. ती गरिबीवर आधारलेली आहे आणि तिच्यात एकट्या माणसाकडे २,००० डॉलरच्या वर शिल्लक असून चालत नाही. आपले लोक दोन्हींना सरसकट 'डिसॅबिलिटी' म्हणतात आणि एकीचा नियम दुसरीला लावून घाबरतात. ताईंनीही सहा वर्षं बँकेत दोन हजारांच्या वर पैसे राहू दिले नव्हते. त्यांच्या योजनेत तशी अटच नव्हती. कुणीतरी मंडळाच्या पिकनिकला सांगितलं होतं, एवढंच.

चेकपेक्षाही त्यांना धास्ती होती ती मेडिकेअरची, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याची. एसएसडीआय सुरू झाल्यावर २४ महिन्यांनी मेडिकेअर लागू होतं. त्यावर त्यांचे सायकिअ‍ॅट्रिस्ट, रक्ताच्या तपासण्या आणि गोळ्या चालतात. लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्याला रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉइड अधूनमधून तपासावं लागतं. तेच गेलं तर?

सुरुवात

धंदा करायचा म्हणून सुरू झालाच नव्हता. मंडळाच्या गणपतीत लेझीम पथकाच्या मुलींना शिवलेल्या नऊवाऱ्या हव्या होत्या. अमेरिकेत वाढलेल्या पोरींना काष्टा घालता येत नाही, आणि पार्किंग लॉटमध्ये ओचा सुटला तर सावरायला आजी जवळ नसते. ताईंनी भाचीची एक शिवून दिली, आत इलॅस्टिक आणि बाजूला चेन. तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गेला आणि दोन आठवड्यांत अकरा ऑर्डरी आल्या. मग ब्लाउज, मग फॉल-पिको. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, साडी घेतलेल्या बायका थेट बेसमेंटच्या दारात येऊ लागल्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा तीन महिने हे चाललं होतं आणि त्यांनी सोशल सिक्युरिटीला काहीच कळवलेलं नव्हतं. रात्री झोप लागत नव्हती ती त्यामुळे. ज्या आजारात झोप मोडली की सगळं मोडतं, त्यात ही काळजी नुसती काळजी राहत नाही.

पहिलं काम म्हणजे कळवणं, आणि ते आम्ही त्याच आठवड्यात केलं. उशिरा कळवण्याचा धोका असा की ज्या महिन्यांचे पैसे मिळायला नको होते ते पुढे परत मागितले जातात. त्यावर अपील करता येतं, माफीचा अर्जही करता येतो, पण ते पत्र आजारी माणसाच्या हातात पडणं मी पाहिलेलं आहे. ताईंच्या बाबतीत परत मागण्यासारखं काही नव्हतं. त्या कामाच्या चाचणीच्या मुदतीत होत्या, पण तशी काही मुदत असते हेच त्यांना माहीत नव्हतं.

चाचणीचे नऊ महिने

एसएसडीआयवरच्या माणसाला नऊ महिने काम करून बघायची मुभा आहे. या महिन्यांत कितीही कमावलं तरी चेक पूर्ण मिळतो. महिने सलग असायला हवेत असं नाही. साठ महिन्यांच्या सरकत्या पट्टीत नऊ भरले की मुदत संपते. महिना कधी 'भरतो', तर निव्वळ कमाई ठरावीक आकड्याच्या वर गेली की. तो आकडा २०२२ मध्ये ९७० डॉलर होता, २०२३ मध्ये १,०५० आणि २०२४ मध्ये १,११०. स्वतःचा धंदा असेल तर आणखी एक दार आहे. कमाई कितीही कमी असो, महिन्यात ८० तासांच्या वर काम झालं तरी तो महिना भरतो.

या ८० तासांनी ताईंना एक महिना खर्ची घालायला लावला. मार्च २०२३, गुढीपाडव्याच्या ऑर्डरी. निव्वळ कमाई ६४० डॉलर, तास ८६. लिथियममुळे त्यांच्या बोटांना बारीक कंप आहे. मशीनवरची सरळ शिवण त्यात निभावते, पण सुई ओवणं, हूक लावणं, काजं करणं यात वेळ जातो. हात सावकाश चालतो म्हणून तास वाढले आणि तास वाढले म्हणून महिना मोजला गेला. आजारामुळे लागणारा जादा वेळ नियमाच्या लेखी जादा कामच ठरतो. मला हे पटत नाही, पण वहीत ८६ लिहिलं, कारण ८६ खरे होते.

वही मी त्यांना नवीन करून दिली होती. रकाने चार: तारीख, तास, आले, गेले. मापांची वही वेगळी.

ऑक्टोबर २०२३

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते या महिन्याबद्दल, कारण यात चूक माझीही आहे.

गणपती १९ सप्टेंबरला होते, नवरात्र ऑक्टोबरच्या मध्यावर आणि दिवाळी नोव्हेंबरात. धंद्याचा ऐन हंगाम. ऑक्टोबर संपला तेव्हा 'आले'च्या रकान्यात ४,३१० डॉलर होते, म्हणजे त्याआधीच्या चांगल्यातल्या चांगल्या महिन्याच्या दुपटीहून जास्त. मी बेरीज केली आणि फोन लावला. "ताई, पेढे कधी?"

त्या खूप बोलल्या. ओक ट्री रोडला दुकान घ्यायचंय, इचलकरंजीहून थेट नऊवाऱ्या मागवायच्यात, साठ साड्या आत्ताच क्रेडिट कार्डावर घेतल्यात, मुलींसाठी शिवणाचा क्लास. मला वाटलं, बाई आता उभी राहिली. चाचणीचा सहावा महिना भरला एवढंच मी मनाशी नोंदवलं.

वहीची पानं आज उलगडून बसलं की सगळं ढळढळीत दिसतं. ऑर्डर घेतल्याच्या मेसेजची वेळ त्या नोंदीशेजारी लिहायच्या. ती पहिल्या आठवड्यात संध्याकाळची होती, तिसऱ्या आठवड्यात पहाटे ३:२०, ४:०५. अक्षर मोठं होत गेलं, ओळ सोडून वर चढायला लागलं. आणि भाव. नऊवारीच्या शिलाईचा दर ८० होता, तो ५० झाला, मग तीन जणींना फुकट, 'प्रेमाने' असं कंसात लिहून. मंदीत दर उतरतात हे हिशेबनिसाला कळतं. ऑर्डरींचा ढीग पडलेला असताना दर उतरतोय याचा अर्थ मला लावता आला नाही.

दिवाळीच्या तीन दिवस आधी सतरा ऑर्डरी कापडातच होत्या. दोन बायकांनी ग्रुपवर लिहिलं. काय लिहिलं ते इथे देत नाही. वाक्य 'दिसतात तर बऱ्या' असं संपत होतं. १,१५० डॉलर परत केले. साठ साड्यांपैकी बावन्न पडून राहिल्या. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी वहीत कोरी पानं आहेत. तीन आठवडे दिवसभराचा उपचार कार्यक्रम, बाकीचे दिवस पडदे लावलेली बेसमेंट.

बायपोलर असलेल्या माणसाच्या धंद्यात वाईट महिना सगळ्यांना दिसतो. धोक्याचा महिना चांगल्या महिन्याचे कपडे घालून येतो, आणि आजूबाजूचे लोक पेढे मागतात.

नवीन बंदोबस्त

मार्च २०२४ मध्ये त्या परत मशीनवर बसल्या. त्या आधी त्यांच्या थेरपिस्टकडे एक बैठक झाली. ताईंच्या सांगण्यावरून मी होते, वहिनी होत्या. मी वही घेऊन गेले होते. थेरपिस्टने पैशांच्या बेरजेकडे पाहिलंच नाही, पहाटेच्या वेळांवर पेन्सिलीने गोल केले. झोप, जेवण, काम यांच्या वेळा रोज त्याच ठेवणं हा बायपोलरच्या उपचाराचाच भाग आहे, गोळ्यांच्या जोडीचा. ते धंद्यात कसं बसवायचं एवढाच प्रश्न होता.

ठरलं ते असं. महिन्याला आठच नऊवाऱ्या. निम्मे पैसे आगाऊ. सणाच्या आधी दहा दिवस नवीन ऑर्डर बंद, मग समोर कुणी का असेना. दर वर्षाच्या सुरुवातीला लिहून भिंतीवर लावायचा आणि वर्षभर बदलायचा नाही, खाली तर अजिबात नाही. वहीत पाचवा रकाना आला: झोप.

बॉबिन केसची कल्पना ताईंची स्वतःची. रात्री नऊ वाजता त्या मशीनमधून बॉबिन केस काढतात, वर जातात आणि वहिनीच्या हातात देतात. ती मसाल्याच्या डब्याशेजारी राहते. अंगठ्याएवढी वस्तू, पण तिच्याशिवाय खालचा दोरा सुटत नाही, मशीन मुकं. सकाळी सातला चहाबरोबर परत मिळते. "मशीनचं पायडल लपवलं असतं तर मी वहिनीवर चिडले असते," ताई म्हणाल्या, "मी स्वतः नेऊन देते म्हणून भांडण होत नाही." दुसरी बॉबिन केस पाच-सहा डॉलरला मिळते हे दोघींनाही माहीत आहे. जून २०२४ मध्ये ताईंनी एक विकत आणलीही होती. दोन दिवसांनी तीही वर नेऊन दिली आणि डॉक्टरांना फोन केला. गोळ्या आठवडाभर वाढवल्या गेल्या. वहीत त्या आठवड्यात झोप चार, चार, पाच, सहा, सात.

चाचणी संपली, मग?

२०२२ चे सप्टेंबर-ऑक्टोबर, २०२३ चे मार्च, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, २०२४ चे मार्च, ऑगस्ट, सप्टेंबर. नऊ भरले. ताईंना वाटत होतं की दहाव्या महिन्यात दोर कापला जातो. तसं होत नाही. पुढचे ३६ महिने, त्यांच्या बाबतीत सप्टेंबर २०२७ पर्यंत, दर महिन्याकडे वेगळं बघितलं जातं. कमाई 'भरीव' कामाच्या मर्यादेवर असेल त्या महिन्याचा चेक नाही, खाली असेल त्या महिन्याचा आहे, आणि त्यासाठी नव्याने अर्ज करायचा नाही. पहिल्यांदा मर्यादा ओलांडली तर तो महिना आणि पुढचे दोन महिने चेक मिळतोच. या मुदतीनंतर कमाईमुळे चेक पूर्ण थांबला, तरी पुढची पाच वर्षं आजाराने काम बंद पाडलं तर जलद मार्गाने परत मागता येतो. मेडिकेअर तर चाचणी संपल्यापासून किमान ९३ महिने चालू राहतं, म्हणजे २०३२ च्या मध्यापर्यंत. ही एक ओळ ताईंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवली.

हे सगळं समजावून सांगणारे सल्लागार अमेरिकेत फुकट मिळतात. सोशल सिक्युरिटीच्या पैशावर चालणारा विपा नावाचा कार्यक्रमच त्यासाठी आहे आणि 'तिकीट टू वर्क'च्या हेल्पलाइनवरून त्यांच्यापर्यंत पोचता येतं. मी हिशेबनीस आहे, बेनिफिटचा सल्ला हे माझं शास्त्र नव्हे. ताईंची सल्लागार बाई नसती तर पुढचा हिशेब मलाही जमला नसता.

'भरीव' कामाची ही मर्यादा २०२५ मध्ये महिन्याला १,६२० डॉलर होती. ताई ती गल्ल्याशी ताडून बघत होत्या. ऑगस्ट २०२५, गणपती २७ तारखेला: आठ नऊवाऱ्यांचे ६४०, तीस ब्लाउजांचे १,३५०, छत्तीस फॉल-पिकोचे ४३२. एकूण २,४२२. त्यांच्या मते चेक गेला.

आता वजाबाकी. अस्तर, दोरे, हूक, सुया, मशीनची दुरुस्ती मिळून ४१० गेले, राहिले २,०१२. स्वतःच्या धंद्यात मालकाचा आणि नोकराचा असे कराचे दोन्ही वाटे आपणच भरतो, म्हणून निव्वळ नफ्याचे ९२.३५ टक्केच धरले जातात: १,८५८. अजून मर्यादेच्या वरच. पण हूक-काजं आणि हातशिलाई वहिनी करतात, एक पैसा न घेता. घरच्या माणसाने फुकट केलेल्या कामाची बाजारभावाने किंमत वजा करता येते. ताशी १६ डॉलरने २२ तास, ३५२. राहिले १,५०६. शेवटी गोळ्यांचा आणि थेरपीचा जो खर्च त्या खिशातून करतात तो, कारण त्याशिवाय त्या काम करूच शकत नाहीत: १४०. चाचणीच्या महिन्यांत ही वजावट चालत नव्हती, आता चालते. मोजायची कमाई १,३६६.

वहिनीला हे सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या फुकटच्या काजांना अमेरिकेचं सरकार पैसे मोजतंय, आणि हिला मात्र कधी सुचलं नाही." ताईंनी त्या दिवाळीला त्यांना पैठणी घेतली. धंद्याच्या खर्चात नाही. मी विचारलं होतं.

या सगळ्या वजाबाक्या कागदावर सिद्ध कराव्या लागतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत कामाच्या तपासणीचं पत्र आलं होतं, सोबत धंदेवाल्यांसाठीचा एसएसए-८२० फॉर्म. पत्र उघडायला ताईंनी दोन दिवस घेतले आणि शेवटी माझ्या टेबलावर उघडलं. फॉर्ममध्ये काय काम करता, किती तास, कोण मदत करतं, किती खर्च, सगळं विचारतात. आम्ही वहीची पानं जोडली, कोरीसुद्धा. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४ ची कोरी पानं लावू नका, बरं दिसत नाही, असं ताई म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. त्या कोऱ्या पानांइतका बोलका पुरावा फाइलमध्ये दुसरा नव्हता. जूनमध्ये उत्तर आलं: चाचणीचे नऊ महिने पूर्ण, शेवटचा सप्टेंबर २०२४, चेक चालू.

आत्ता

ताईंच्या वर्षभराच्या कमाईतून कुणी संसार चालवू शकणार नाही. चेक, भावाचं घर आणि शिवण, या तिघांवर मिळून चाललंय. मंडळात अजून दोन-तीन जणी त्यांच्याकडे कपडे टाकत नाहीत. बावन्नपैकी एकोणीस साड्या अजून ट्रंकेत आहेत.

ऑक्टोबरात एका साडीच्या दुकानाने विचारलं. जानेवारीपासून महिन्याला साठ ब्लाउज, प्रत्येकी २८ डॉलर, अस्तर दुकानाचं. मी आकडे मांडून दाखवले. यात त्या मर्यादेच्या बऱ्याच वर जातील, चेक थांबेल, पण २०२७ च्या सप्टेंबरपर्यंत आजारपणाच्या महिन्यात तो आपोआप परत येईल आणि मेडिकेअरला धक्का नाही. करून बघायला याहून चांगली वेळ नाही असं माझं मत होतं, अजूनही थोडंफार आहे. निदान पस्तीस तरी घ्या, म्हटलं.

ताईंनी माझा कागद बाजूला ठेवून वही उघडली आणि बोट झोपेच्या रकान्यावरून खाली नेलं. मग दुकानदाराला माझ्यासमोरच फोन लावला. "साठ नाही जमणार. पंचवीस देईन, दर महिन्याला न चुकता. आणि गणपतीच्या आधीचे तीन आठवडे एकही नाही."

दुकानदार विचार करून सांगतो म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.